संकरित गाय भरपूर दूध देते, मग तिच्या कालवडीचं दूध का घटतं?

३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गायीमागे रोज ५० रुपये द्यायचं ठरवलं. त्याच्या आधीच्या महिन्यात एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, दुधाच्या पाकिटांवरचे ए१-ए२ चे (दुधातल्या एका प्रथिनाचे हे दोन प्रकार) दावे काढा असं सांगितलं होतं आणि थोड्याच दिवसांत ते मागेही घेतलं. तेव्हापासून इथे ठाण्यात बघा नाहीतर तिकडे खारघर-सीवूड्सला, कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. एकजण लिहितो जर्सीचं दूध म्हणजे विष, दुसरा लिहितो आधी देशी गाय पाळून दाखवा मग बोला, तिसरा शंभराच्या वर भाव असलेल्या ए२ दुधाची जाहिरात टाकतो. पण संकर केल्यावर गायीत नेमकं होतं काय, दूध कशामुळे वाढतं आणि वाढलेलं दूध पुढच्या पिढीत का टिकत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. दूध विकत घेणाऱ्यालाही हे कळायला हवं आणि मुरबाड-शहापूरला ज्यांचा गोठा आहे त्यांना तर हवंच हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

संकर म्हणजे नक्की काय

गीर, साहिवाल, खिल्लार, डांगी, देवणी या आपल्याकडच्या गायींच्या जाती. होलस्टीन फ्रिजियन, जिला सगळे एचएफ म्हणतात, ती मूळ नेदरलँड्सकडची, आणि जर्सी इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या त्याच नावाच्या बेटावरची. (काळीपांढरी गाय दिसली की आपण सरसकट 'जर्सी' म्हणतो, ती बहुतेक वेळा एचएफचा संकर असते, जर्सी तांबूस-बदामी रंगाची आणि चणीने लहान.) एका जातीच्या गायीला दुसऱ्या जातीच्या वळूचं रेत भरलं की होणारं वासरू संकरित. बस एवढंच. यात प्रयोगशाळेत जनुकं कापाकापी करून जोडण्याचा काही संबंध नाही, ग्रुपवर कोणी तसं लिहिलं तर ते साफ चूक आहे.

गाय आणि म्हैस यांचा संकर होत नाही, गायीच्या पेशीत ६० गुणसूत्रं असतात आणि आपल्याकडच्या म्हशीच्या पेशीत ५०, जुळतच नाही. त्यामुळे कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांतल्या म्हशींमध्ये विदेशी रक्ताचा प्रश्नच नाही, म्हशींमध्ये सुधारणा होते ती गावठी म्हशीला पिढ्यानपिढ्या मुऱ्हा जातीच्या रेड्याचं रेत वापरून.

आता आकडे. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींच्या वर गोवंश होता, त्यात विदेशी आणि संकरित मिळून साधारण ५ कोटी १४ लाख. २०१२ पासूनच्या सात वर्षांत यांची संख्या २९ टक्क्यांच्या आसपास वाढली आणि देशी-गावठी ६ टक्क्यांनी कमी झाली. दुधावर असलेली विदेशी-संकरित गाय देशात सरासरी दिवसाला ८ किलोच्या आसपास दूध देते, देशी-गावठी ४ च्या आसपास, म्हणजे सरळ दुप्पट. शिवाय संकरित कालवड अडीच-तीन वर्षांत पहिल्यांदा विते, गावठी कालवडीला चार वर्षं किंवा जास्तच लागतात, म्हणजे तिला दीड वर्ष जास्त फुकट खाऊ घालायचं.

पण हा दुपटीचा आकडा बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. देशीच्या सरासरीत डोंगरावर चरून येणारी, पेंडीचा वासही न मिळालेली गाय धरलेली आहे, आणि जिच्या जातीला लोकांनी शेकडो वर्षं दुधासाठी निवडलंच नाही, बैल चांगला व्हावा म्हणून निवडलं, तीही धरलेली आहे. संकरित गाय ज्याने पैसे मोजून आणली तो तिला पेंड घालतो, पाणी जागेवर देतो, डॉक्टर बोलावतो. म्हणजे दुप्पट दुधातलं सगळंच काही रक्तामुळे नाही, बराच भाग खुराकामुळे आहे. तरी रक्ताचा वाटा उरतोच आणि तो कमी नाही.

रक्तामुळे दूध वाढतं ते कसं

दोन वेगळ्या कारणांनी वाढतं, आणि ही दोन कारणं वेगळी करून बघितली की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिलं कारण म्हणजे साधी बेरीज. एचएफला युरोप-अमेरिकेत दुधासाठीच निवडत आलेत, दुधाच्या नोंदी ठेवून, जास्त देणाऱ्या गायींचेच वळू वापरून. आज अमेरिकेत गाय वर्षाला सरासरी १० हजार लिटरच्या वर दूध देते. तिची अर्धी जनुकं आपल्या गायीच्या वासरात आली की दूध त्या प्रमाणात वाढणारच.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. दोन दूरच्या जाती एकत्र आल्या की वासरू आईबापाच्या सरासरीच्याही थोडं वर जातं. याला म्हणूया संकराचा जोम. हा कुठून येतो? प्रत्येक जनावराकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. समजा तुम्ही परीक्षेच्या नोट्सच्या दोन झेरॉक्स काढल्यात. दोन्ही एकाच मुलाच्या वहीवरून काढल्या असतील तर एकीत जी पानं पुसट तीच दुसरीतही पुसट, दुसऱ्या झेरॉक्सचा काही उपयोग नाही. पण दोन वेगळ्या शाळांतल्या मुलांच्या वह्यांवरून काढल्या असतील तर एकीत जे वाचता येत नाही ते दुसरीत बहुतेक वाचता येतं. प्रत्येक जातीत शतकानुशतकं आपसातच प्रजनन झाल्यामुळे काही कमजोर जनुकं पक्की बसलेली असतात, पण गीरमधली वेगळी आणि एचएफमधली वेगळी. पहिल्या संकरात एक प्रत इकडची, एक तिकडची, त्यामुळे दोघींच्या खोडी बऱ्याच झाकल्या जातात. उलट जवळच्या नात्यात, म्हणजे बापाचंच रेत लेकीला, असं झालं की दोन्ही प्रती सारख्या होऊन दूध घटतं, वासरं दगावतात, गाय नीट गाभण राहत नाही. गावात एकच वळू वर्षानुवर्षं फिरत असेल तर हेच होत असतं.

आणि हा जोम सगळ्या गुणांत सारखा दिसत नाही. दूध, फॅट, वजन हे गुण आईबापाकडून बऱ्यापैकी सरळ उतरतात, तिथे जोमाचा वाटा बेताचा. गाभण राहणं, वासरू जगणं, आजार पचवणं, जास्त वर्षं टिकणं हे गुण निवड करून फार हळू सुधारतात, आणि नेमका तिथेच जोम सगळ्यात जास्त दिसतो. म्हणून पहिल्या संकरातली गाय लोकांना एवढी आवडते, दूध तर देतेच आणि वर वेळेवर गाभणही राहते.

मग तिच्या कालवडीत काय बिघडतं

मुरबाडकडे माझा मामेभाऊ आहे, त्याने मला विचारलेला प्रश्न आहे हा. "ताई, हिची आई बारा लिटरला कमी नव्हती, ही आठावरच अडकलीय, सिमेन खराब भरलं का गं?" सिमेन खराब नव्हतं. आईला गावातलाच एक संकरित वळू लागला होता, आणि दोन संकरितांचा संकर झाला की जे होतं तेच झालं.

सोपे आकडे धरूया, हे फक्त समजण्यासाठी. समजा एका गोठ्यात, एकाच खुराकावर, गावठी गाय ४ लिटर देते आणि शुद्ध एचएफ १२. दोघींची सरासरी ८. पहिला संकर देतो १०, म्हणजे ८ बेरजेचे आणि २ जोमाचे. आता या संकरित गायीला तसाच अर्धा-अर्धा वळू लावला तर वासरात पुन्हा सरासरी अर्धं एचएफ रक्त, म्हणजे बेरीज ८ च. पण जोम निम्म्यावर येतो, कारण आता निम्म्या जागी दोन्ही झेरॉक्स परत एकाच शाळेच्या निघतात, दोन्ही एचएफच्या नाहीतर दोन्ही गावठीच्या. म्हणजे सरासरी ९. आणि ही सरासरी आहे बरं का, प्रत्यक्षात एक कालवड ५ वर जाते एक १२ वर, कारण कोणाच्या वाट्याला काय आलं ते नशीब. पहिल्या संकरातल्या बहिणी बऱ्यापैकी सारख्या असतात, दुसऱ्या पिढीत एकीचं तोंड दुसरीला नसतं. त्यातून तो वळू कमी दुधाच्या आईचा निघाला तर बेरीजही खाली येते, मग आठ काय नि सहा काय.

दुसरा रस्ता, संकरित गायीला शुद्ध एचएफचं रेत. आता कालवडीत ७५ टक्के एचएफ. बेरीज १०, जोम निम्मा म्हणजे १, कागदावर ११ लिटर. बहुतेक लोक हेच करतात आणि पुढच्या पिढीला परत एचएफ, मग ८७ टक्के. कागदावर आकडा चढतो, गोठ्यात चढत नाही, ते पुढे सांगते. तिसरा रस्ता, परत गीर किंवा साहिवालकडे जायचं, बेरीज कमी, जोम निम्मा, पण गाय काटक.

म्हणजे कुठूनही गेलात तरी पहिल्या पिढीचा पूर्ण जोम दुसऱ्या पिढीत मिळत नाही. तो जनुकात साठून राहत नाही, दोन वेगळ्या प्रती एकत्र आल्या तरच तो असतो. एका पिढीला एक जात आणि पुढच्या पिढीला दुसरी अशी आलटून पालटून वापरली तर साधारण दोन तृतीयांश जोम टिकतो, तीन जाती फिरवल्या तर ८५ टक्क्यांच्या पुढे. पण त्यासाठी कुठल्या गायीचा बाप कोण होता हे माहीत पाहिजे. आपली अडचण तिथे आहे.

कोंबडीत हे सगळं बिनबोभाट चालू आहे

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानासमोर रांगेत उभे असतो आपण, तिथली प्रत्येक ब्रॉयलर कोंबडी संकरित असते, आणि कोणी त्याबद्दल वाद घालत नाही. ब्रॉयलर साधारण ३५ ते ४० दिवसांत दोन किलोच्या पुढे जाते. अंड्याची संकरित कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, परसातली गावठी कोंबडी ६०-८०. म्हणून 'इंग्लिश' अंडं आणि गावठी अंडं यांच्या भावात एवढा फरक.

इथे जोम टिकवायची व्यवस्था पक्की आहे. कंपनी शुद्ध वाण वेगळे सांभाळते, त्यांच्यावर पिढ्यानपिढ्या निवड चालू असते, त्यांच्यापासून आजी-आजोबा पिढी, त्यांच्यापासून आईबाप पिढी, आणि शेवटी चार वाणांचं रक्त एकत्र आलेलं पिल्लू शेतकऱ्याकडे जातं. शेतकरी त्या पिल्लापासून पुढची पिढी काढतच नाही, दर खेपेला नवीन पिल्लं आणतो. म्हणजे दर वेळी ताजा जोम. कोणी ब्रॉयलरची अंडी उबवून पिल्लं वाढवायला गेला तर त्याला ती वाढ मिळणार नाही.

गायीत हे जमत नाही. कोंबडी वर्षाला शंभरावर पिल्लं देऊ शकते, गाय एक वासरू देते, आणि तीच कालवड पुढे गोठ्याची गाय होते. म्हणजे गायवाल्या शेतकऱ्याला स्वतःच पैदासकार व्हावं लागतं, त्याची इच्छा असो नसो.

तेव्हा संकराचा फायदा हवा असेल तर शुद्ध जाती सांभाळाव्याच लागतात, दोन्ही बाजूच्या. देशी विरुद्ध संकरित असं भांडण लावणाऱ्यांना मला हेच सांगायचंय. उत्तम गीर, उत्तम साहिवाल, उत्तम डांगी उरलीच नाही तर उद्या संकर कशाशी करणार?

मग सरळ शंभर टक्के एचएफच का नको

कारण ठाणे म्हणजे हॉलंड नाही. दुधाळ गायीला उकाडा किती सोसवेल हे मोजायला तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात, तो ७२ च्या वर गेला की ताण सुरू होतो असं धरतात. आपल्याकडे ३२ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता हा काही फार वाईट दिवस नाही, जूनमधला कुठलाही दिवस असा असतो, आणि त्याचा निर्देशांक निघतो ८४. घाम वाळतच नाही अशा हवेत. जास्त दूध देणारी गाय जास्त खाते, ते पचवताना अंगात जास्त उष्णता तयार होते, ती बाहेर टाकता आली नाही की गाय खाणं कमी करते, धापा टाकते, माज दाखवत नाही, भरवली तरी उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. मे महिन्यात दुपारी गोठ्यात गेलात तर एचएफचं रक्त जास्त असलेली गाय ओळखायला कान-शेपूट बघावं लागत नाही, तोंड उघडं, लाळ गळतेय आणि पोटाची हालचाल मोजता येणार नाही इतकी भरभर. शेजारीच बांधलेली डांगी निवांत रवंथ करत असते. देशी गायींची सैल कातडी, आखूड चकचकीत केस, घर्मग्रंथी जास्त, आणि अंगातली भट्टीच मुळात मंद, हे सगळं या हवेतच घडलेलं आहे.

दुसरी गोष्ट खाणं. साधा हिशोब असा की अंगपोषणाला एक-दीड किलो खुराक आणि वर दर दोन-अडीच लिटर दुधामागे एक किलो. १५ लिटरच्या गायीला म्हणजे सात-आठ किलो खुराक, वर हिरवा चारा, आणि उन्हाळ्यात ८०-१०० लिटर पाणी. ठाणे जिल्ह्यात घरचा चारा काय, तर भाताचा पेंढा, त्यात प्रथिनं नावाला. नगर-सोलापूरकडे मका, ऊस, कडवळ, मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) असतो, म्हणून तिथे संकरित गायींवर डेअऱ्या उभ्या राहिल्या, इथे खुराक पोत्याने विकत आणावा लागतो. जनुकात दूध असून उपयोग नाही, दावणीत काही नसेल तर ७५ टक्केवाली गाय अर्ध्या-अर्धीपेक्षा कमी देते, हाडं वर येतात आणि पुढच्या वेताला उभीच राहत नाही. गोचिडांचंही तेच, गोचीड तापाने विदेशी आणि संकरित जनावरं जास्त मरतात, देशी बऱ्याचदा तो पचवतात.

म्हणून आपल्या देशातल्या अनुभवातून एचएफचं रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांपर्यंत ठेवणं सगळ्यात बरं असं दिसून आलंय, व्यवस्था चोख असेल तर ७५. लष्कराच्या डेअरी फार्मवर तयार झालेली फ्रिजवाल बघा, ६२.५ टक्के एचएफ आणि ३७.५ टक्के साहिवाल. राहुरी कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी बघा, निम्मी एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. आणि तिकडे ब्राझीलमध्ये, ज्यांनी आपली गीर नेली, त्यांनी बनवली गिरोलांदो, पाच अष्टमांश होलस्टीन आणि तीन अष्टमांश गीर, म्हणजे हिशोब केला तर तेच ६२.५ आणि ३७.५. उष्ण हवेच्या दोन देशांत वेगवेगळ्या लोकांनी केलेलं काम एकाच आकड्यावर येऊन थांबतं तेव्हा तो आकडा गंभीरपणे घ्यायला हवा.

मग संकरित सोडून देशीच का पाळू नये

पाळावी की, पण सगळ्यांनी पाळून भागणार नाही. मुंबई-ठाण्याच्या पिशवीतलं गायीचं दूध जास्त करून पश्चिम महाराष्ट्रातल्या संकरित गायींचं आहे. १९६७ साली मणिभाई देसाईंनी पुण्याजवळ उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि शेतकऱ्याच्या दारात जाऊन गोठवलेलं रेत भरायची पद्धत रुजवली, तेव्हा दोन-चार एकरवाल्या माणसाच्या घरात दर दहा दिवसांनी दुधाचं बिल यायला लागलं. ऊस वर्षा-दीड वर्षाने पैसे देतो, गाय दर दहा दिवसांनी. पोरांची शिक्षणं झालीयेत त्यावर. हे काढून घ्या म्हणणं म्हणजे त्या घरांचा विचारच न करणं.

पण जिथे संकरित गाय जगवायलाच परवडत नाही तिथे ती लादणंही तितकंच चूक. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा, हा डांगीचा पट्टा. डांगी बघितलीय का कधी? पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके, कातडीतून तेलकट स्राव येतो त्यामुळे धो धो पावसातही पाणी अंगावर ठरत नाही, खूर काळे आणि टणक, चिखलात भिजून सडत नाहीत. भाताच्या चिखलणीला असा बैल दुसरा नाही. पौषात म्हसा यात्रेला बैलबाजार भरतो तिथे अजूनही लोक बैल पारखताना आधी खूर बघतात. कोकण कपिला म्हणून आणखी एक जात आहे, ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतची, तिची राष्ट्रीय पातळीवर नोंद २०१८ साली झाली. छोटी गाय, दूध कमी, पण डोंगरातल्या गवतावर आणि पेंढ्यावर जगते, गाभण राहते, वासरू देते. यांना एचएफचं रेत भरत सुटलो तर दुधाळ गायही मिळणार नाही आणि डांगीही जाईल.

ब्राझीलचं उदाहरण लोक देशी गायीचा अभिमान म्हणून सांगतात, पण अर्धंच सांगतात. त्यांनी गीर नेली आणि मग दुधाच्या नोंदी ठेवून, वळूच्या लेकींचं दूध मोजून, शुद्ध गीरमध्येच पिढ्यानपिढ्या निवड केली. म्हणून त्यांचा संकरही चांगला झाला. आपण इकडे गीरच्या नावाने जयजयकार केला आणि वळू निवडताना रंग, शिंगं आणि कान बघितले. देशी गायीसाठी जे काही पैसे येतील त्यातला मोठा वाटा दूध मोजायला आणि वळू तपासायला गेला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाच गुणासाठी केलेला संकर

संकर म्हणजे नेहमी अर्धं-अर्धंच करायचं असं नाही, याचं सुंदर उदाहरण आपल्याच राज्यात आहे. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. बंगालमधल्या सुंदरबनात गरोळ नावाची अगदी छोटी मेंढी आहे, तिच्यात एक जनुक असं आहे की त्याची एक प्रत जरी असली तरी मेंढी बरेचदा जुळी देते. फलटणच्या निंबकर संस्थेने गरोळचा संकर दख्खनीशी केला आणि मग परत परत दख्खनीकडेच नेत राहिले, दर पिढीत फक्त ते जनुक आलंय का हे रक्त तपासून बघायचं आणि ज्यांच्यात आलंय तीच पुढे ठेवायची. त्यातून तयार झाली सुवर्णा मेंढी, अंगाने, काटकपणाने दख्खनीसारखी, फक्त जुळी देणारी. इथे संकराचा जोम नकोच होता, दुसऱ्या जातीतली एकच चांगली गोष्ट उचलायची होती. आणि त्यातही त्यांनी मेंढपाळांना विचारत विचारत काम केलं, कारण तिळी झाली तर आईचं दूध पुरत नाही आणि फिरस्तीच्या कळपात अशी कोकरं जगवणं अवघड.

संकरित गायीचं दूध तब्येतीला वाईट असतं का?

थोडक्यात सांगते. दुधातल्या बीटा केसीन नावाच्या प्रथिनाचे ए१ आणि ए२ असे दोन मुख्य प्रकार, साखळीतल्या ६७ व्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं. आपल्या देशी गायी आणि म्हशी जवळपास सगळ्या ए२, एचएफमध्ये दोन्ही, संकरितमध्ये कोणाला काय आलं त्यावर. म्हणजे संकरित गायही पूर्ण ए२ असू शकते, केसावरून तपासता येतं. आणि म्हशीचं दूध तर असतंच ए२, ते काही शंभराच्या वर भावाने घ्यावं लागत नाही. ए१ मुळे मधुमेह, हृदयरोग होतो या दाव्याची युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली तपासणी केली, तेव्हा तसा कार्यकारणसंबंध त्यांना आढळला नाही. ज्यांना देशी गायीचं दूध चवीला आवडतं त्यांनी जरूर घ्यावं, पण पोरांना पिशवीचं दूध देणाऱ्या आईला ग्रुपवर घाबरवू नका.

गोऱ्ह्यांचं काय

या प्रश्नाला कोणी हात घालत नाही. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नावापुरतंच, जू मानेवर ठरत नाही, उन्हात दम लागतो, म्हणून शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही. देशी गोऱ्हा निदान बैल व्हायचा. त्यात आता शेतीत ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आलाय, आणि २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूच्याही कत्तलीवर बंदी आहे. मग हे वासरू दुधाविना मरतं नाहीतर हायवेवर सोडलेलं दिसतं, दुधाच्या लिटरमागच्या हिशोबात त्याचा खर्च कोणीच धरत नाही. यावर आजचा खरा उपाय म्हणजे लिंगनिश्चित केलेलं रेत, त्याने शंभरातल्या साधारण ९० वेळा कालवड होते. ते साध्या रेतापेक्षा महाग आहे, गाय लागायचं प्रमाणही थोडं कमी पडतं, म्हणून धष्टपुष्ट, नियमित माजावर येणाऱ्या गायीला आणि कालवडीलाच वापरावं. सरकारी अनुदानात बऱ्याच ठिकाणी ते स्वस्त मिळतं, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

आता आपण काय करायचं

गोठा असेल तर सगळ्यात आधी कांडी बघायला शिका. उणे १९६ डिग्रीच्या द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून डॉक्टर जी बारीक प्लास्टिकची नळी काढतात, पेनातल्या रिफिलएवढी, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून मग गायीला भरतात, त्या पाव मिलीच्या कांडीवर बारीक अक्षरात वळूचा नंबर, जात, कुठल्या केंद्राची आणि कधीची हे सगळं छापलेलं असतं. आपल्याकडे गाय भरवली की ती कांडी तिथेच शेणात पडते आणि पुढच्या पिढीची माहिती तिच्याबरोबर जाते. ती उचला, मोबाईलवर फोटो काढा, वहीत लिहा. गायीच्या कानात पिवळा बारा आकडी टॅग असतो, त्या नंबरावर भारत पशुधन ॲपमध्ये रेतनाची नोंद करता येते, डॉक्टरांना त्याच दिवशी वळूच्या नंबरासकट करायला सांगा.

रक्त ५० टक्के आहे हे माहीत असेल तर पुढचं ठरवणं सोपं जातं. खुराक विकतचा, चारा पेंढ्याचा, हवा ठाण्याची, तर ५० ते ६२.५ च्या आसपासच राहा, आणि ७५ वर पोचलेल्या कालवडीला चांगल्या गीर किंवा साहिवाल वळूचं किंवा फुले त्रिवेणीसारख्या ठरलेल्या संकराचं रेत मागा. आईचं दूध नोंदलेलं नाही असा गावातला संकरित वळू, कितीही देखणा असला आणि फुकट मिळत असला तरी, नको. मामेभावाला मी हेच सांगितलं, त्याने आठ लिटरवालीला साहिवाल भरवलंय. डांगी असेल तर तिला चांगल्या डांगीचंच रेत मिळतंय का ते आधी बघा.

आणि गाभण कालवड विकत घ्यायला निघाला असाल तर 'एचएफ आहे, भरपूर दूध देईल' एवढ्यावर पैसे मोजू नका, टॅगच्या नंबरावर बाप कोण आणि आईचं दूध किती याची नोंद निघते का बघा. नोंद असलेलीला चार-पाच हजार जास्त गेले तरी घ्या, एका वेतातच भरून निघतात.